ताईंचं वाजतं कपाट

घरी पाहुणे आले की मी त्यांना आधीच सांगून ठेवते, ताईंच्या खोलीतल्या कपाटावर पाण्याचा पेला ठेवू नका. ते कपाट नाही, स्पीकर आहे. एकेकाळी मात्र ते खरोखरच कपाट होतं, आमच्या चादरींचं. ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, सुताराकडून त्याचा निम्मा भाग कापून घेतला, दाराला वाटोळं भोक पाडून त्यात बारा इंची स्पीकर बसवला, आतून जुनी दुलई ठोकली आणि वर ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, ठेवला. चादरी तेव्हापासून पलंगाखालच्या खणात आहेत, आणि आमचे हे अजून अधूनमधून तिथे कपाट शोधायला जातात.

ताई चष्म्याच्या दुकानात काम करतात. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या आणि फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकाकानाला जुळवून द्यायची, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. वय एकावन्न. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच तर त्या आपला चष्मा काढून पुसतात आणि शांतपणे म्हणतात, "नंबर जुळला नाही."

दुकानात त्यांची एक पद्धत आहे. चष्मा तयार झाला की गिऱ्हाईक आरशात बघतं, समोरचा तक्ता घडाघडा वाचतं, खूश होऊन पिशवी उचलतं. ताई त्याला सोडत नाहीत. दाराबाहेर नेतात, दोन पायऱ्या उतरायला लावतात आणि रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचायला सांगतात. "आत सगळ्यांनाच दिसतं," त्या म्हणतात. "वापरायचा असतो बाहेर." मालक घड्याळाकडे बघत कुरकुरतात. पण ताईंच्या हातचा चष्मा तक्रार घेऊन परत आलाय, असं सहसा होत नाही.

बेस गिटार त्यांच्या आयुष्यात आली ती चाळिशीत. दुकानाच्या वर्धापनदिनाला मालकांनी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. गाणं ऐन रंगात आलेलं असताना कोपऱ्यातला एक वादक पाणी प्यायला थांबला, आणि ताईंच्याच शब्दांत सांगायचं तर "अख्खं गाणं मटकन खाली बसलं." तोवर त्या माणसाकडे त्यांचं लक्षही गेलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्या चार जाड तारांची एक जुनी बेस गिटार घेऊन घरी आल्या. दोन दिवस तिची घरघर ऐकून ह्यांनी विचारलं, "ताई, हिच्यातून गाणं कधी यायला लागेल?"

"हिच्यातून येत नाही रे. हिच्यावर बसतं."

मग अकरा वर्षं त्या एकट्याच वाजवत राहिल्या. दुकानातून आल्या की रोज तासभर. माझं स्वयंपाकघर त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे कोणत्या सुराला कोणतं पातेलं थरथरतं ते मला पाठ झालं. पण बेस एकटीनं वाजवणं म्हणजे समोर कोणी नसताना सी-सॉवर बसणं. ताई रेडिओ लावायच्या, त्याच्याबरोबर वाजवायच्या, आणि गाणं संपलं की रेडिओकडे अशा बघायच्या, जणू आता त्यानं काहीतरी बोलायला हवं. त्यांना चार माणसांत बसून वाजवायचं होतं, एवढंच. तोंडानं त्या हे कधी म्हणाल्या नाहीत, पण एका घरात राहून न कळण्याइतकी मी काही बहिरी नाही.

चार माणसांत वाजवण्याच्या जवळ जाणारी त्यांची एकच जागा होती: बेसवाल्यांची बैठक. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी पाचसहा जण जमतात, त्यात एक इंजिनियर आणि एक गणिताचे सर. नियम दोन. आपापला ॲम्प आणायचा, आणि दुसरं कुठलंही वाद्य आणायचं नाही. एकेकानं तीन मिनिटं वाजवायचं, की बाकीचे त्या ॲम्पभोवती उकिडवे बसून त्याची तब्येत तपासतात. कोणाचा स्पीकर किती इंची, आत कापूस भरलाय की काय, मागे भोक ठेवलंय की बंद केलंय. ॲम्पला मुख्य बटणं तीन: खालच्या सुरांचं, मधल्या सुरांचं आणि वरच्या सुरांचं. ती कुठवर फिरवली हे ही मंडळी घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगतात. "खालचं दोन वाजता, मधलं नऊ वाजता." यावर तावातावानं वाद घालणारी, एरवी शहाणीसुरती माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

अशात एक बातमी आली. गावातले दातांचे डॉक्टर ड्रम्स वाजवतात आणि त्यांची बायको गिटार वाजवत गाते. दोघांचा छोटासा वाद्यवृंद आहे. त्यांचा बेसवाला लेकीकडे राहायला निघाला होता. पुढच्या बैठकीला ती दोघं येणार, सगळ्यांना ऐकणार आणि एकाला घेणार. बैठक नेहमी भरते त्या गॅरेजला नेमका रंग लागत होता, म्हणून ती आमच्याच दिवाणखान्यात ठरली.

ताईंनी त्या आठवड्यात आवाज घडवायला घेतला. खालचं बटण वर, वरचंही वर, मधलं पार खाली. त्यातून जो आवाज निघाला तो अगदी साय धरलेल्या दुधासारखा. ऐकून ह्यांनी चक्क हातातला पेपर खाली ठेवला. त्यांची बायको म्हणून सांगते, हे रोज घडत नाही.

गुरुवारी ताई दुकानातून आल्या. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाल्या, "आज एका बाईंना पाट्या वाचायला बाहेर उभं केलं, आणि मनात आलं, मी माझा आवाज कधी बाहेर उभा केलाय?"

"म्हणजे?"

"मी ऐकतेय तो एकटीनं, ॲम्पच्या पुढ्यात बसून. त्यांच्यात गेल्यावर ड्रम्स असतील, गिटार असेल. तिथे तो दिसायला नको?"

"आता आपण ड्रम्स कुठून आणायचे, ताई?"

ताईंनी सावकाश मान वळवून माझ्या स्वयंपाकघराकडे बघितलं.

दहा मिनिटांत मैफल तयार. ताईंचं कपाट स्वयंपाकघरात ओढून आणलं. वॉशिंग मशीनमध्ये ह्यांचे कापडी बूट टाकले, ठेका यावा म्हणून. मिक्सरमध्ये शेंगदाणे. गायला कोणी नव्हतं, म्हणून ताईंनी भावाला उभं केलं.

"मी? शाळेत बाईंनी मला नुसते ओठ हलव म्हणून सांगितलं होतं."

"इथे बाई नाहीत. गा."

मी दोन्ही बटणं दाबली. बूट धडाधड आपटायला लागले, मिक्सर किंचाळला, ह्यांनी डोळे मिटून सूर लावला, आणि ताईंचा तो दुधासारखा आवाज कुठल्या कुठे गेला. तारा हलताना दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. ताईंनी खालचं बटण आणखी वर नेलं. ते मशीनच्या घरघरीत बुडालं. वरचं नेलं, ते मिक्सरनं खाल्लं. मग त्यांनी मधल्या बटणाला हात घातला. बारा वाजता, एक वाजता, दोन. तीन वाजता बेस त्या गोंगाटातून धक्के देत वाट काढत आला आणि आमच्या पुढ्यात उभा राहिला. एकेक सूर मोजून घ्यावा इतका स्पष्ट. हेसुद्धा, कधी नव्हे ते, तालात गायला लागले.

मी सगळं बंद केलं. शांततेत तोच आवाज ऐकला तर सर्दी झालेल्या माणसानं नाकातून बोलावं तसा.

"ताई," हे म्हणाले, "हे तू लोकांना ऐकवणार?"

"हा एकटा ऐकायचा नाहीच," ताई म्हणाल्या. शेंगदाण्यांचं मात्र लोणी झालं होतं.

रविवारी ताईंचं कपाट दिवाणखान्यात आणलं, आणि तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. इंजिनियरांचा ॲम्प दोघांनी उचलून आणला; दोन खोकी, एकावर एक, माझ्या खांद्याला येतील एवढी. त्यांनी पहिला सूर लावला आणि शोकेसमधल्या बशा शहारल्या. काय आवाज होता. डॉक्टरांच्या बायकोनं डोळेच मिटले. त्यानंतर गणिताचे सर वाजवून गेले, आणखी दोघे झाले, आणि मग ताई.

तीन मिनिटं संपली. इंजिनियर म्हणाले, "ताई, कपाटाला वाफ द्या. नाक चोंदलंय." सगळे हसले, डॉक्टरही. सर बिचारे मायाळू, ते हळूच वाकून म्हणाले, "अहो, मधलं बटण जरा खाली घ्या. हकनाक मार्क घालवताय."

ताईंचा हात बटणाकडे गेला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. गाणाऱ्या बाई तेवढ्यात इंजिनियरांच्या खोक्यांकडे वळून बघत होत्या. अकरा वर्षांची वाट त्या एका बटणावर येऊन थांबली होती, आणि ते फिरवलं असतं तर निदान आत्तापुरतं हसं तरी टळलं असतं. ताईंची बोटं बटणावर टेकली. मग त्यांनी हात काढून घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, ड्रम्स गाडीत आहेत?"

"आहेत. दुपारी कार्यक्रम आहे आमचा. का?"

"आणा ना. बाई, तुमची गिटारपण. आम्ही एकेक जण तुमच्याबरोबर वाजवतो."

"दुसरं वाद्य चालत नाही इथे," सर म्हणाले. "नियम आहे आपला."

"म्हणून तर आपण इतके छान ऐकू येतो," ताई म्हणाल्या.

मग इंजिनियरच मोठ्यानं हसले आणि उठले. "चला डॉक्टर, मीही हात लावतो."

पहिला मान इंजिनियरांचा. डॉक्टरांनी ठेका धरला, बाईंनी गिटार छेडली, आणि तो भारदस्त आवाज धुक्यात शिरल्यासारखा दिसेनासा झाला. इंजिनियरांनी आवाज वाढवला. बाईंनी गिटार वाढवली. डॉक्टरांनी जोर केला. शेजारच्या आजींनी खिडकी उघडली. इंजिनियर वाजवता वाजवता वाकून खोक्याला कान लावायला लागले.

"मी वाजवतोय ना?" गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं.

"दिसत तरी होतात," सर म्हणाले.

बाकीच्या तिघांचंही तेच झालं. मग ताई बसल्या. पहिल्या दोन ओळी त्या तारांकडेच बघत राहिल्या. तिसऱ्या ओळीला डॉक्टरांनी मान वर केली आणि ठेका किंचित हलका केला. आता गाणं त्यांना एकट्यानं रेटावं लागत नव्हतं. दुसऱ्या कडव्यात बाई शब्द विसरल्या. ताईंनी तोच सूर धरून ठेवला, कोणी दारात चपला शोधत असलं की आपण पायरीवर थांबतो तसा. बाईंना शब्द सापडले, त्या हसल्या, आणि दोघी एकदम पुढे निघाल्या.

गाणं थांबलं तशी बाईंनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. डॉक्टरांनी ड्रमची काठी कानामागे खोचली. "ताई, सराव बुधवारी आठला असतो. जमेल?"

"जमेल," ताई म्हणाल्या. "पण तुमची मला चारच गाणी येतात."

"मग आत्ता तीन राहिली," बाई म्हणाल्या.

इंजिनियर केव्हाच कपाटापुढे उकिडवे बसले होते. "ताई, मधलं तीन वाजता? आणि आत काय घातलंय?"

"दुलई."

"नवी की जुनी?" सरांनी मागून विचारलं, आणि मला वाटलं आता वाद सुरू होणार. पण डॉक्टरांनी ठेका धरला होता. राहिलेली तीन गाणी झाली. मग पहिलं पुन्हा झालं, कारण ताई थांबायला तयार नव्हत्या.