टबाबाहेरची अंघोळ

१९७८ सालच्या नोव्हेंबरातला पहिला शनिवार. रक्कम एकशेदहा रुपये. कॉलेजच्या ऑफिसात हजर होतो मी, माझी मुलगी, हेडक्लार्क आणि जपान सहलीचे प्रमुख म्हणून जाऊन आलेले इतिहासाचे प्राध्यापक. सहलीची अनामत पाचशे भरली होती, परत घेताना हातात तीनशे नव्वद पडले.

"बाकीचे?" मी विचारलं.

"दंड हाय पावणं," हेडक्लार्क म्हणाला. "पोरीनं तिकडं न्हाणीत घोळ केलाय."

प्राध्यापक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "परदेशात गेल्यावर नदीकाठच्या सवयी सोडाव्या लागतात."

हे गृहस्थ तरुणपणी तीन महिने विलायतेला राहून आले होते आणि त्या तीन महिन्यांवर त्यांनी वीस वर्षं काढली होती. आठ विद्यार्थ्यांना जुना जपान दाखवायचं ठरलं. देवळं, बागा, चहाचे विधी, लाकडी घरांत मुक्काम. तेव्हा प्रमुख म्हणून दुसरं नावच निघालं नाही. त्यांना जपानची काय माहिती आहे, हे कुणी विचारलं नाही. परदेश म्हणजे परदेश.

घडलेलं मला मुलीनं सांगितलं होतं. क्योटोजवळ ते एका बाईंच्या जुन्या घरी उतरले. न्हाणीघरात लाकडी टबात कढत पाणी, खाली बुटकं स्टूल आणि पाणी घ्यायला भांडं. आमच्याकडे बंबातलं पाणी बादलीत काढून पाटावर बसून अंघोळ करतात. मुलीनं तिथंही तेच केलं. स्टूलवर बसली, भांड्यानं पाणी घेतलं, अंग धुऊन बाहेर आली. तिच्यामागून प्रमुख गेले. ते साबणासकट टबात पसरले आणि उठताना बूच काढून सगळं पाणी सोडून मोकळे झाले.

मग घरमालकीणबाई आल्या आणि रिकाम्या टबाकडे हात करून कळवळून बोलू लागल्या. त्यांच्या घरच्यांची अंघोळ त्याच पाण्यात व्हायची होती. दुभाषा अजून आला नव्हता. एक शब्द न कळता प्रमुखांनी निकाल दिला, की ओली फरशी बघून बाई चिडल्या. सगळ्यांदेखत मुलीला 'गावंढळ' म्हणाले आणि बाईंपुढे तीन हजार येन, म्हणजे आपले एकशेदहा रुपये, ठेवले.

पुढच्या मुक्कामी दुभाषा भेटला. आधी बाहेर बसून अंग धुवायचं, मग टबात शिरायचं, पाणी सोडायचं नाही, असं त्यानं नीट समजावलं. ते ऐकताना प्रमुखांनी कॅमेऱ्यात रोल भरायला घेतला. बाकीचे सात जणही गप्प बसले.

परत आल्यावर मुलं तिला 'बादली' म्हणून हाक मारू लागली. ऑफिसातून घरी येताना ती म्हणाली, "सोमवारपासून मी कॉलेजला जाणार नाही."

"पैशाचं ऱ्हाऊ दे," घरी बायको मला म्हणाली. "पोर घरात बसली तर काय करायचं, ते बघा."

त्याच संध्याकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये सहलीच्या स्लाइड दाखवणार होते. मी मुलीला घेऊन गेलो. ती नको म्हणत होती. देवळांच्या चित्रांत प्रमुख स्वतःच पुढे उभे, देऊळ मागे कुठेतरी. मग न्हाणीघराची स्लाइड आली.

"आणि इथे," ते हसत म्हणाले, "आमच्या एका कन्येनं पंचगंगेचा घाट मांडला!"

हॉल हसला. मी उभा राहिलो. "सर, पुढच्या मुक्कामी तुम्ही अंगाला साबण कुठं लावलात? टबात, की बाहेर?"

ते पाण्याचा ग्लास शोधू लागले. मागून सहलीतलाच एक मुलगा ओरडला, "स्टूलावर बसून की! आमालाबी रांगेत बसवलंतासा!"

"आणि आदल्या घरी बूच कुणी काढलं?"

"सरांनीच."

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं काय रे?"

"पेपर सरच तपासत्यात न्हवं, काका!"

आता हॉल दुसऱ्या बाजूनं हसला. हीच मंडळी दोन मिनिटांपूर्वी पंचगंगेला हसत होती, त्यामुळे त्या हसण्याचं मला काही कौतुक वाटलं नाही.

प्रमुख खाली येऊन हळूच म्हणाले, "गैरसमज झाला. सोमवारी ऑफिसातून मिळतील."

"टब ऑफिसानं रिकामा केला नव्हता," मी म्हणालो.

त्यांनी पाकीट काढून पैसे माझ्यापुढे धरले. मी हात मागे घेतला. मग ते मुलीकडे वळले.

"सोमवारी पहिला तास तुमचाच आहे ना, सर?" तिनं विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

जपानच्या बाईंना त्यांचे तीन हजार येन मिळालेच होते, आणि ते बरोबरच होतं. पाणी त्यांचं गेलं होतं. इथे शंभराची एक आणि दहाची एक अशा दोन नोटा प्रमुखांनी स्वतःच्या खिशातून, सगळ्यांसमोर, माझ्या मुलीच्या हातात दिल्या.