बेरछीखेडीच्या चर्चचा माच

माझी अलका आत्या बेरछीखेडीच्या सरकारी शाळेत शिकवायची. रोज सकाळी उज्जैनच्या देवास गेटवरून बस पकडायची, गावाच्या फाट्यावर उतरायची आणि चर्चच्या कुंपणाकडेने शाळेत जायची. गाव तिला बेनजी म्हणे. चर्चमधलं नाताळचं नाटुकलं असो की कुणाच्या लग्नातली गाणी, बेनजींशिवाय काही होत नसे. रिटायर झाल्यावर मात्र फ्रीगंजमधल्या तिसऱ्या माळ्यावरच्या घरात ती अगदी कोमेजून गेली. बाल्कनीत कपडे वाळत घालायचं कामसुद्धा तिच्या नवऱ्याकडे, आमच्या जयंतकाकांकडे होतं, कारण उंचीवरून खाली पाहिलं की आत्याला गरगरतं.

गेल्या हिवाळ्यात फादर वर्गीसांचा फोन आला. ते केरळचे, गावात नवीन. चर्चला पन्नास वर्षं होणार होती आणि त्यांना चर्चचा इतिहास लोकांपुढे मांडायचा होता.

"बेनजी, जिसको पूछता हूँ, अलग कहानी सुनाता है," ते काकुळतीने म्हणाले. "आप आइए."

आत्या दुसऱ्याच दिवशी बसमध्ये बसली. मलाही बरोबर नेलं.

एका गोष्टीवर गावाचं एकमत होतं. पहिले फादर, मॅथ्यू त्यांचं नाव, उज्जैनहून सायकलवर औषधांची पेटी बांधून आले होते. त्यांनी एक मरायला टेकलेली म्हैस बरी केली, आणि म्हशीच्या मालकाने खूश होऊन त्यांना गोठ्याचा अर्धा भाग दिला. त्या गोठ्यात पहिली मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, झाली. चर्च पुढे तिथेच उभं राहिलं. पण म्हैस कुणाची?

"म्हारा घर की थी!" गावातला अंबाराम म्हणाला.

"झूठ!" ऐंशी पार केलेल्या केसरबाई काठी आपटून म्हणाल्या. "म्हारी भूरी थी. इनके घर तो तब बकरी भी नी थी!"

दोघांच्या भाऊबंदांनी बाह्या सरसावल्या. फादर वर्गीसांनी क्रूसाची खूण केली. आत्याने मात्र टाळी वाजवली.

"हो गया फैसला. भाषण नाही, पुस्तक नाही. आपण माच करायचा. आणि त्यात म्हशी दोन!"

माच म्हणजे आमच्या माळव्याचं गाण्याचं नाटक. उंच मंचावर, ढोलकीच्या ठेक्यावर, सगळे संवाद गाऊन म्हणायचे. गावाला कल्पना अशी आवडली की महिनाभर शेतात लोक गहू राखताना ताना मारत होते. आत्याने बोल लिहिले, चाली बसवल्या. प्रत्येक घराण्याने आपापल्या म्हशीसाठी दोन दोन धट्टेकट्टे गडी दिले, वर काळी घोंगडी. फादर मॅथ्यू होणार होता अंबारामचा जावई डॅनियल. गळा खणखणीत, पण स्वतःवर नको तितका खूश. जाता येता तो पूर्ण ताकदीने गायचा, विहिरीवर, ट्रॅक्टरवर, अगदी न्हाव्याकडे दाढी करतानासुद्धा.

माचच्या दिवशी दुपारी त्याचा आवाज गेला. गेला म्हणजे पार गेला. तोंड उघडलं की सायकलच्या पंपासारखी हवा यायची.

पाहुणे येऊन बसले होते. आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून लोक आले होते. चर्चसमोर लाकडी बल्ल्यांवर बांधलेला मंच माणसाच्या डोक्यापेक्षाही उंच होता.

"सगळे बोल कुणाला पाठ आहेत?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच सगळे आत्याकडे बघायला लागले.

"अगं, तुला बाल्कनीत चक्कर येते!" जयंतकाका घाबरून म्हणाले.

"येऊ दे," आत्या म्हणाली. "फादर, झगा द्या एखादा."

फादर वर्गीस सहा फुटी, आत्या पाच फुटांच्या आत. पांढरा झगा कमरेला दोरीने वर खोचला, कापसाची दाढी चिकटवली, आणि तिला शिडीवर चढवलं. डोळे मिट्ट मिटून ती वर पोचली. ढोलकी सुरू झाली. मंच थोडा झुलला. आत्याने डोळे उघडले, खाली एवढी माणसं तोंडं वर करून बघतायत हे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. नंतर ती मला म्हणाली, "गरगरत होतंच ग, पण झोपाळ्यावर गरगरतं ना, तसं!"

पहिलाच प्रवेश फादर मॅथ्यूंच्या पहिल्या प्रवचनाचा. त्यांना तेव्हा हिंदी धड येत नव्हतं. 'आप सबके साथ खाऊँगा' म्हणायचं होतं, ते हात पसरून भलतंच म्हणून गेले होते. आत्यानेही हात पसरले आणि वरच्या पट्टीत तान घेतली, "आज मैं आप सबको खाऊँगाऽऽ!"

ठरल्याप्रमाणे मंचावरच्या बायका पोरं काखोटीला मारून पळाल्या. न ठरवता खालच्याही दोघी पळाल्या. हास्याचा असा कल्लोळ झाला की ढोलकीवाल्याचा ठेका चुकला.

मग म्हशी आल्या. आधी अंबारामची आजारी पडायची, मग केसरबाईंची, असं ठरलं होतं. पण पहिली आजारी पडल्यावर टाळ्या पडल्या, ते दुसरीला सहन झालं नाही. तीही धाडकन कोसळली. पहिली उठून परत जास्त जोरात कोसळली. मंच करकरू लागला. एका म्हशीच्या मागच्या पायांना पुढच्यांचा पत्ता लागेना. आत्या मध्ये उभी राहून हसत सुटली, दाढी एका गालावर लोंबायला लागली, डोळ्यांतून पाणी. तशातच तिने जागच्या जागी नवीन बोल रचले, दोन्ही म्हशींच्या तोंडात एकाच बाटलीतून औषध ओतलं आणि दोघींना कानाला धरून उभं केलं.

आता फादरांनी गोठ्यात पाऊल टाकायचं. आत्या निघाली, तेवढ्यात खालून काठीचा आवाज आला.

"जूता उतारो, फादर!" केसरबाई उभ्या राहून सांगत होत्या. "म्हारी सासू ने अबी लीप्यो है!"

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. हे आत्याने लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी नुकत्याच सारवलेल्या गोठ्याच्या दारात तरुण केसरबाईंनी खरंच असं सांगितलं असणार, आणि खऱ्या फादरांनी ऐकलं असणार. आत्याने वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी पुढे झाली.

"अब आओ," केसरबाई हसून म्हणाल्या. त्यांना दात नव्हते, पण काय हसल्या त्या! अंबारामने त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतःच्या खिशातली बडीशेप त्यांच्या तळहातावर ठेवली.

शेवटचं गाणं सगळ्या मैदानाने म्हटलं. पाहुणेही उभे राहून टाळ्या वाजवत होते. आत्याला शिडीवरून उतरवायला चार जण लागले, कारण ती उतरायलाच तयार नव्हती.

आम्ही काकांच्या जुन्या गाडीतून परत निघालो. आत्या मागे बसून गातच होती. जन्मभर बँकेत मान खाली घालून काम केलेले आमचे काका, ज्यांना आरतीतही ओठ हलवताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यांनी आगर रोडवर खिडकीची काच खाली केली आणि भसाड्या आवाजात तिच्या गाण्याची टेक, म्हणजे ध्रुपद, धरली. सुरात एक अक्षर नव्हतं. बाजूने जाणाऱ्या ऑटोवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काकाजी, शादी किसकी है?"

"हमारी!" काका ओरडले, आणि पुढच्या ओळीला लागले.