बाबांची ऑन-रेकॉर्ड मुलाखत

गेल्या महिन्यात एका रविवारी मी माझ्या बाबांची मुलाखत घेतली. कॅमेऱ्यासमोर, कॉलरला माइक लावून, नोएडातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून...

जर्नलिझमच्या शेवटच्या सेमिस्टरला आम्हाला एक मोठा इंडिपेंडंट प्रोजेक्ट करायचा असतो. विषय आपला, शूट आपलं, एडिटही आपलंच. वर्गातल्या बऱ्याच जणांनी यमुना घेतली, कुणी प्रदूषण. मी आमच्या टॉवरची लिफ्ट घेतली. सगळे हसले, पण मला खात्री होती.

कारण भाटिया आंटी. त्या आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात, डायलिसिस चालू आहे. दिवाळीच्या आधी हॉस्पिटलमधून परत येताना त्या लिफ्टमध्ये अडकल्या... दोन मजल्यांच्या मधोमध, अंधारात. दार उघडलं तेव्हा त्या खाली बसलेल्या होत्या. त्यांचा तो चेहरा माझ्या डोक्यातून जाईना.

मग मी कामाला लागले. शेजारी, गार्ड, लिफ्टचा मेंटेनन्सवाला टेक्निशियन, सगळ्यांशी बोलले. टेक्निशियन म्हणाला, "मैडम, हमने तो पहले ही बोला था, पार्ट आने तक बंद रखो." कुणाला बोला था? तर कमिटीला. आणि कमिटी म्हणजे आमच्या घरी समोर बसून पोहे खाणारे बाबा.

माझ्या गाइड मॅडमनी स्पष्ट सांगितलं... एक तर विषय बदल, नाहीतर फिल्मच्या सुरुवातीलाच सांग की हे माझे वडील आहेत, आणि मग त्यांना अजिबात सूट देऊ नकोस. मी दुसरा पर्याय घेतला.

बाबा आधी तयारच नव्हते. "घरातलीच पोरगी माझ्यावर कॅमेरा लावणार?" शेवटी मी सोसायटीच्या ऑफिशियल आयडीवर रीतसर मेल टाकला. चार दिवसांनी उत्तर आलं, रविवारी सकाळी सोसायटी ऑफिसमध्ये भेटा. आई म्हणाली, "एका घरात राहून मेल काय करताय? यार, कमाल आहे तुम्हा दोघांची!"

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिली उत्तरं एकदम गुळगुळीत... काम प्रोसेसमध्ये आहे, व्हेंडरशी बोलणं चालू आहे वगैरे. मी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "लिफ्ट बंद ठेवा असं मेंटेनन्सवाल्यांनी कळवलं होतं का?"

मला वाटलं, आता बाबा उठून जातील.

"हो, कळवलं होतं."

"मग बंद का नाही केली?"

"दिवाळी तोंडावर होती. घरोघरी पाहुणे येणार, दोनपैकी एक लिफ्ट बंद केली तर सगळ्या टॉवरला उरलेली एकच पुरली नसती. लोक अंगावर आले असते, म्हणून मी पुढे ढकललं." मग म्हणाले, "निर्णय माझाच होता."

अजून एक प्रश्न उरला होता. "हे आंटींना सांगितलंत?"

"नाही."

बाबांनी स्वतःच माइक काढून टेबलावर ठेवला. "आता जाऊन सांगतो. तू येऊ नकोस, कॅमेराही नको." आणि ते गेले.

खरं सांगते, पाय शिवशिवत होते. फिल्मचा सगळ्यात मोठा सीन जिना चढून वर चालला होता... पण मी खालीच थांबले.

संध्याकाळी मी आंटींकडे गेले. म्हटलं, तुम्हाला फिल्ममध्ये राहायचं नसेल तर आत्ता सांगा. त्या म्हणाल्या, "रहने दे बेटा, सब रहने दे. तेरे पापा को मैंने बहुत सुनाया. चुपचाप सुनते रहे."

वर काय बोलणं झालं, ते मी दोघांनाही आजवर विचारलेलं नाही.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलंच, तो सीन का नाही घेतलास? मी म्हटलं, सर, मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. पुढचं त्या दोघांचं होतं. त्यांनी मान डोलावली. प्रोजेक्ट पास झाला, चांगलाच पास झाला.

ती लिफ्ट सध्या बंद आहे, काम चालू आहे. दुसरीसमोर रांग लागते आणि लोक बाबांवर वैतागतात. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी स्वतः सगळं लिहिलं, तेव्हा काहींनी राजीनामाही मागितला. बाबा म्हणाले, लिफ्ट सुरू करून देतो, मग मला खुशाल काढा.

पुढे खूप मोठ्या लोकांना प्रश्न विचारायचे आहेत मला, आणि मी विचारणार आहे. त्यातले बरेच जण उत्तर टाळतील, हेही माहीत आहे. बाबा, तुम्हालाही टाळता आलं असतं... थँक यू.