दीदीच्या दप्तराचा पट्टा

हिंदी मुलखातल्या बीरगांवच्या आमच्या घरासमोर बाबांची जुनी गाडी उभी असते. कारखान्याला सुट्टी असली की बाबा ती स्वतःच दुरुस्त करतात आणि हाताशी दीदीला घेतात. मला नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही मेकॅनिकलला. तरी मला आत बसून अभ्यास करायला सांगतात.

मी खिडकीतून बघत असे. खरी हत्यारं आमच्याकडे दोन-चारच. जुनं ऑइल धरायला दीदीनं खायच्या तेलाचा डबा आडवा कापला होता. नट अडला की जोर मिळावा म्हणून पान्याच्या दांड्यावर नळाचा तुकडा चढवायचा, हेही तिलाच सुचलेलं. ऑइल फिल्टर काढायला तिनं आपल्या शाळेच्या दप्तराचा पट्टा कापून ठेवला होता. तो फिल्टरला गुंडाळायचा, टोकं लाटण्याला बांधायची आणि पिळायचं. बाबा गाडीखालून नुसता हात बाहेर काढत, आणि हवी ती वस्तू त्या हातात पडे. न बोलता. ते न बोलणंच मला सगळ्यात जास्त लागायचं.

काम झालं की बाबा दीदीच्या काळ्या तळव्यांवर कपडे धुवायची पावडर ओतायचे, मग स्वतःच्या. दोघं नळाशी हात चोळत बसायचे. लिहायलाही संकोच होतो, पण त्या पावडरीचा मला हेवा वाटायचा.

एका रविवारी फिल्टर काही केल्या हलेना. दोघं चहाला आत गेली आणि मी गाडीखाली शिरलो. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवला की फिल्टर सुटतो, असं मी कॉलेजात ऐकलं होतं. ठोकला. जोर लावला. पत्रा टरकन फाटला, फिल्टर जागचा हलला नाही, आणि ऑइल माझ्या कोपरापर्यंत ओघळलं.

बाबा रागावले नाहीत. वाकून माझे हात बघत म्हणाले, "तुले काहून शिकवून राहिलो मी? हात काळे कराले?"

दीदी त्यांच्या मागेच उभी होती. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं. ती समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात पेशंटांच्या चिठ्ठ्या लिहिते. ती हळूच म्हणाली, "और मेरे हाथ, बाबा?"

बाबा बाजूला सरकले.

तिनंच मग पट्टा फिल्टरच्या बुडाशी, जिथला पत्रा शाबूत होता तिथे गुंडाळला आणि लाटणं माझ्या हातात दिलं. मी पिळलं. सुटला. नवा फिल्टर हातानंच कसायचा, पाना लावायचा नाही, हेही तिनंच सांगितलं.

त्या दिवशी बाबांनी पावडर आधी माझ्या हातांवर ओतली. इतके रविवार ज्याची वाट पाहिली, ते झालं होतं. मी दीदीकडे बघितलं. पावडरीचा डबा तिनं स्वतःच उचलून घेतला होता. सकाळी दवाखान्यात जायचं म्हणून ती नखं घासत होती, बराच वेळ.