वेल्सच्या घड्याळात आमचा ईस

वेदश्री, लिही. जसं तुही आजी बोलते तसंच लिही, सुधरवू नोको. तुह्या शाळेच्या स्मरणिकेत शिकून मोठ्या झालेल्या पोरींचं छापनार आहेत न, तर आपल्या वर्षालीचं येऊ दे. तुही मोठी बहीन आहे म्हनून लाजाचं काय काम?

वर्षाली इथं वडनेरलेच शिकली, मंग सेवाग्रामले नर्सचं शिकली. लहानपनी लय भित्री. कोंबडी आंगावर आली तरी माह्या लुगड्यात घुसे. आन् आता पाहा! विलायतेले लागून वेल्स म्हनून मुलूख आहे, तिथं म्हाताऱ्या लोकाइच्या दवाखान्यात नर्स आहे. एकटी विमानात बसून गेली.

तिथं इंग्रजी चालते, पन जुन्या लोकाइची घरची बोली वेगळी, वेल्श म्हनतात तिले. वर्षालीच्या वार्डात माइर नावाची एक बाई होती. वय चार इसा न पाच. डोक्यातून सारं निसटलं, इंग्रजीही गेलं, माहेरची बोली तेवढी उरली. तिचा एकच हट्ट. गोळी हातात दिली का इचारे, आज तारीख कोनती, वाजले किती? तिच्या बोलीत नीट सांगतलं तरच गिळे. नाई तर तिले वाटे, एकदा दिलेली गोळी पुन्हा देऊन राह्यले. थुकून दे.

वर्षालीनं मोबाईलवर वेल्श आकडे पाठ केले. पंचवीसले 'दोन दहा पाच' म्हने. ते आताच्या पोराइचं शाळेतलं मोजनं. घड्याळ आन् तारीख तिथं जुन्या रीतीनं सांगतात. माइर तोंड फिरवून घे. मोठी नर्स म्हने, आठ दिवस पाहू, नाई तर दुसरी नर्स देऊ तिले.

वर्षालीनं मनाले लावून घेतलं. मले व्हिडिओ लावून रडे. "आजी, मी परत येतो. एक गोळी माह्या हातून गिळवत नाई, मी कायची नर्स!"

"काऊन व, एवढं काय कठीन आहे?"

"अव, साडेतीन, पावनेचार सोपं आहे. तीनावर अर्धा तास, चाराले पाव कमी, आपल्यासारखंच. पन पंचवीस मिनिटाले म्हनतात 'इसावर पाच'. एकवीस तारखेले 'इसावर पैली'. ऐंशीले चार ईस! असं कोनी मोजते काय?"

"मी मोजतो न!" म्हनलं.



वेदश्री, हे नीट लिही. मी शाळेची पायरी चढली नाई. गवऱ्या असो का तुराटीच्या पेंड्या, मी इसाइसाचे ढीग लावतो आन् वरचे उरले ते सांगतो. हीच वर्षाली लहानपनी अंगनभर सांगत फिरली होती, 'आजीले पंचेचाळीस येत नाई, दोन इसा न पाच म्हनते!' मंग आता?

"रडू नोको," म्हनलं. "उद्या याच टायमाले लावजो."

दुसऱ्या दिवशी सुपात बोरं घेऊन बसली मी. मोबाईलपुढं इसाचा ढीग लावला, बाजूले पाच बोरं ठेवली. "बोल." थे बोले, "पिम्प आर हिगाइन." इसावर पाच. एक बोर ठेवलं का इसावर एक. इसाले तिकडं इगाइन म्हनतात, इसावर म्हनाचं असलं का हिगाइन. तुह्या आईनं, माह्या सुनेनं, दारातून टोमना मारला, "मामी, तुम्हालेही नेतात काय आता विलायतेले?" "नेऊ दे," म्हनलं, "बोरं घेऊन जाईन!"

सहा दिवस असं चाललं. चुकली का मी ढीग मोडून पुन्हा लावाले सांगे, तिकडं तिच्या टेबलावर बटना मांडून.

मंग एकवीस डिसेंबर. पावनेचारची हिंगनघाट यष्टी आत्ताच गेली होती, आन् मोबाईल वाजला. तिकडं सकाळ. वर्षाली माइरच्या पलंगाजवळ उभी होती, मोबाईल खिडकीत उभा ठेवलेला. माइरनं गोळी मुठीत धरली, आन् इचारलं.



वर्षालीनं तारीख सांगतली. इसावर पैली, डिसेंबरची. मंग घड्याळाकडं पाहून, जराही न अडखळता, "पिम मिनिद आर हिगाइन वेदी देग." दहा वाजून इसावर पाच मिनिटं.

माइरनं तिच्याकडं पाह्यलं. मंग गोळी तोंडात टाकली, वरून पानी पेली, आन् वर्षालीचा हात काई सोडेना. मोठी नर्स दारात उभी होती, थे आतच आली नाई. तशीच वापस गेली.

माइरनं इचारलं, कोनं शिकवलं? वर्षालीनं मोबाईल तिच्यापुढं धरला. माइरनं माह्याकडं बोट केलं, वय इचारून राह्यली होती. मी सुपात तीन ढीग लावले आन् वर चौदा बोरं.

थे बाई काचेवर बोट ठेवून एकएक मोजत बसली. मंग वर्षालीच्या कानात काई तरी बोलली.

"आजी, थे म्हनते एका ढिगात एक कमी आहे."

"सांग तिले," म्हनलं, "एक मी खाल्लं."