निनादने बुजवलेलं भुयार

श्वेताचा फोन आला तेव्हा मी अंधेरीला ऑफिसच्या जिन्यात चहाचा कप घेऊन उभा होतो. ‘‘निनादला खाली आणलं,’’ एवढंच ती म्हणाली. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. आमचा हा मित्र मुलुंडच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि कित्येक महिने तो खाली उतरलेलाच नव्हता. ‘‘लिफ्ट चालू झाली?’’ मी जवळजवळ ओरडलोच. ती म्हणाली, ‘‘नाही रे... खुर्चीत बसवून, उचलून आणलं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत गेला तो.’’

याला आता काही आठवडे झाले. निनाद कोण होता, असं कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येत नाही. कॉलेजात तो आमच्यातला सगळ्यात भटक्या. मढला जेट्टीवर जाऊन बसायचं, कुठल्याही बसमध्ये चढून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, हे त्याचे उद्योग. हायवेवर बाइकचा अपघात झाला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तरी पहिली काही वर्षं बरी गेली. लिफ्ट होती, व्हीलचेअर होती, संध्याकाळी त्याची आई त्याला गेटपर्यंत फिरवून आणायची. मग सोसायटीत रीडेव्हलपमेंटवरून भांडण पेटलं. अर्धे लोक एका बिल्डरच्या बाजूने, अर्धे त्याच्या विरोधात. मामला कोर्टात गेला. त्यातच लिफ्ट बंद पडली. पाडायच्या इमारतीवर खर्च कशाला, असं एक गट म्हणाला. आधी तुमची केस मागे घ्या, असं दुसरा. कुणीच निनादच्या वाईटावर नव्हतं. फक्त लिफ्ट बंद राहिली.

निनाद घरी बसून एका आर्किटेक्टसाठी नकाशे काढायचा. कधीच न बघायच्या इमारतींचे जिने, गच्च्या, पार्किंग... त्याच्या खिडकीतून दिसायची ती शेजारच्या इमारतीची पाइपांनी भरलेली मागची भिंत. डॉक्टरकडे जायचं म्हणजे चार माणसं जमवा, खुर्ची उचला, वळणावर भिंतीला हात सोलवटून घ्या. हळूहळू त्याने तेही बंद केलं. ‘‘पार्सल झाल्यासारखं वाटतं यार,’’ म्हणाला.

रविवारी दुपारी मात्र आम्ही तिघं त्याच्याकडे जायचो. मी अंधेरीहून, श्वेता चेंबूरहून आणि प्रसाद तिथेच मुलुंडला राहणारा. दारातच त्याची आई विचारायची, ‘‘इलास काय? चाय ठेवतंय.’’ मग आमचा खेळ सुरू व्हायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : हा टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायचा प्रकार आहे. एकजण गोष्ट चालवतो, तो गेम मास्टर. आमच्या तोंडी जीएम; आमच्यात तो निनाद. बाकीचे एकेक पात्र घेतात, आपलं पात्र काय करेल ते सांगतात आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. गोष्टीची तयार जाडजूड पुस्तकं मिळतात. निनादने असंच एक परदेशी पुस्तक मागवलं होतं. बर्फातला एक गढीवजा किल्ला, भोवती शत्रूचा वेढा आणि आत अडकलेले आपले वीर.

‘‘छापील गोष्ट म्हणजे रेडिमेड शर्ट,’’ तो म्हणायचा. ‘‘खांद्यात बसतो, पोटात नाही. उसवायलाच लागतो.’’ आणि त्याने तो पार उसवला. बर्फ काढून खाडी आणली. किल्ल्याचा जलदुर्ग झाला, लांडग्यांच्या जागी किनाऱ्यावर ओरडणारे कोल्हे आले, दारूच्या गुत्त्यावरची बाई सुकट भाजणारी मावशी झाली. श्वेता चोर होती, प्रसाद शिपाई आणि मी वैद्य. पहिले काही रविवार झकास गेले. नंतर आमची वाट लागायला लागली. काहीही करा, बाहेर पडताच येईना. होडी मिळवली तर ओहोटी लागायची. तटावरून दोर सोडला तर खाली पहारा. फासे चांगले पडूनही आम्ही पुन्हा त्याच चौकात.

एक दिवस प्रसादने हातातले फासे टेबलावर टाकले. ‘‘मी नेटवर बघितलं. पुस्तकात भुयार आहे. देवळाखालून निघतं.’’

‘‘आहे,’’ निनाद शांतपणे म्हणाला. ‘‘मी बुजवलं.’’

‘‘का पण?’’

श्वेता उठली, पर्स खांद्याला लावली. ती आमच्यातली सगळ्यात तोंडाळ. ‘‘मी सांगते का ते. तुला खाली उतरता येत नाही म्हणून तू आम्हाला कोंडतोयस, निनाद. आठवडाभर ऑफिसात कुजायचं आणि रविवारी इथे येऊन पुन्हा कुजायचं. मला नाही जमणार.’’

आत कुकरची शिट्टी झाली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलेली मला दिसली. वाटलं, आता संपलं सगळं.

‘‘हो, कोंडतोय,’’ निनाद म्हणाला. ‘‘पण तुमच्यावर राग काढायला नाही गं. बाहेर पडायचे सगळे रस्ते बंद झाले की आत माणसं करतात काय, ते मला बघायचंय. मी खूप विचार केला. माझं डोकं नाही चालत आता... तुमचं चालतंय का बघ ना.’’

श्वेता निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज तिन्ही मजले उतरेपर्यंत आम्ही ऐकत होतो. तो जिना ती किती सहज उतरत होती, हे त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या कानाला जाणवलं.

पुढच्या रविवारी ती आली, कुणाकडे न बघता बसली आणि म्हणाली, ‘‘माझी चोर आज पळायचा रस्ता शोधणार नाही. ती मावशीकडे जाऊन बसणार आणि विचारणार, सुकट किती दिवस पुरेल?’’ निनादने आमच्यापासून लपवायला पुठ्ठ्याच्या पडद्याआड ठेवलेले गोष्टीचे कागद बाजूला सारले आणि तो मनानेच बोलायला लागला.

तिथून खेळच बदलला. आम्ही किल्ल्यात गोडं पाणी साठवलं. तटावर भाजी लावली. किल्ल्यात दोन हवालदार होते, एकाला शरण जायचं होतं, दुसऱ्याला लढायचं; दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांना एका चुलीवर जेवायला बसवण्यात आमचे कितीतरी रविवार गेले. वेढा तसाच होता. कधीकधी निनाद मध्येच सांगायचा, ‘‘बाहेर शत्रूचे ढोल वाजतायत,’’ आणि आमचे हात फाशांकडे जायचेच. पण आम्ही उठून पळत नव्हतो.

उन्हाळ्यात घरात जीव घुसमटायला लागला, म्हणून निनादनेच टेबल बाहेर पॅसेजमध्ये घ्यायला लावलं. तिसऱ्या मजल्याचा तो लांबट, कोंदट पॅसेज. शेजारच्या सावंतकाकू दारात भाजी निवडत ऐकायला लागल्या. एकदा न राहवून म्हणाल्या, ‘‘अरे, पण विहिरीवर कुणाला बसवलंय की नाही? नाहीतर एकटाच सगळं पाणी ओढेल.’’ मग वरच्या मजल्यावरचे देसाईकाका यायला लागले. ते बिल्डरच्या विरोधातल्या गटाचे पुढारी आणि काकूंचे यजमान दुसऱ्या गटाचे. देसाईंनी एकदा संशयाने विचारलंच, ‘‘काय रे, हा भांडकुदळ हवालदार म्हणजे मी का?’’

‘‘छे हो काका,’’ निनाद म्हणाला. ‘‘तो तुमच्यापेक्षा बारीक आहे.’’

सगळा पॅसेज हसला. देसाईही. सावंत पलीकडेच उभे होते, तेही.

भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. केस अजून चालूच आहे. पण त्यानंतर कधीतरी दोन्ही गटांनी मिळून ठरवलं, इमारतीचं व्हायचं ते होवो, लिफ्ट दुरुस्त करायची. मेकॅनिक येऊन गेला. मशीन इतकं जुनं की पार्ट बाहेरून मागवायला लागणार होता. निनाद त्या बातमीने हुरळला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘खाली गेलो तर आधी गेटवरच्या टपरीवर अर्धा तास बसणार. काही करणार नाही. नुसता बसणार.’’

पार्ट यायच्या आधी त्याच्या छातीत कफ झाला. त्याला हे आधीही व्हायचं, म्हणून आईने दोन दिवस वाफ दिली, डॉक्टर घरी येऊन गेले. तिसऱ्या सकाळी त्याला श्वास घेता येईना. आईने पॅसेजमध्ये हाका मारल्या. देसाई, सावंत, सावंतांचा जावई आणि फोन येताच धावत आलेला प्रसाद यांनी खुर्ची उचलली. प्रसाद सांगतो, सगळा जिना निनाद डोळे उघडे ठेवून होता. दुसऱ्या मजल्यावर त्याने हाताने थांबा अशी खूण केली. त्रास होतोय म्हणून ते थांबले. तो नुसता जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत होता. तिथून रस्ता दिसतो. मग मानेनेच म्हणाला, चला.

परवाच्या रविवारी आम्ही तिघं निनादच्या आईला भेटायला गेलो. गावच्या लोकांनी तिला कुडाळला यायचा फार आग्रह केला, पण ती गेली नाही. ‘‘हय सगळी माणसां आसत,’’ म्हणाली. आम्ही चहा घेतला, उगाच इकडचं तिकडचं बोललो. निघायला म्हणून बाहेर आलो तर पॅसेजमध्ये टेबल मांडलेलं होतं. सावंत, सावंतकाकू, देसाई आणि खालच्या मजल्यावरची दोन घरं बसलेली. देसाईंनीच घसा साफ केला.

‘‘त्या लोकांचं... पुढे काय झालं?’’

‘‘माहीत नाही, काका,’’ श्वेता म्हणाली. ‘‘अजून आतच आहेत ते.’’

‘‘पुस्तकात असेल ना?’’

‘‘पुस्तकातलं यांना लागू नाही. आपल्यालाच ठरवायला लागेल.’’

देसाईंनी सावंतांना सरकायला सांगितलं आणि स्वतःची खुर्ची टेबलाला लावली.