रुमालाखालचा भाव
सरकीचा तेलकट वास आला की मी धुळ्याच्या कापूस बाजारात उभी असते. इंग्रजांचं राज्य होतं. भाव बोलून ठरत नसे. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करत, भोवतालच्यांना काही कळत नसे. माझे वडील, आबा, दलाल होते. त्यांचा उजवा हात सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या यंत्रात सापडून जायबंदी झाला, म्हणून साक्रीकडून आलेल्या कापसाच्या गाडीचा सौदा करायला मी गेले. बोटांच्या खुणा त्यांनीच शिकवल्या होत्या. मी रुमाल पसरला तसा व्यापाऱ्याने हात मागे घेतला. "पोरी, परक्या बाईमाणसाच्या हाताला हात कसा लावू? आबाला पाठव." आजूबाजूचे हसले. गाडीवाला शेतकरी उन्हात बैलांपाशी उभा होता. "मना कापूस परत लई जाऊ का?" त्याने मला विचारलं. मी रुमालाची घडी करून कमरेला खोचली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा भाव सांगितला. मग मागून दुसऱ्या व्यापाऱ्याने चढा भाव पुकारला आणि पहिल्यालाही तोंड उघडावं लागलं. घरी आबा म्हणाले, "आता तुला बाजारात कोणी उभं करणार नाही." मी म्हटलं, "मग मुंबईला पाठवा, कॉमर्स शिकते." आज स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, मी कॉलेजात व्यवस्थापन शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला टेबलावर रुमाल पसरून सौद्याची रीत सांगते आणि विचारते, यात भाव कोणाला कळत नाही? मग एखाद्या बाकावरून उत्तर येतं: ज्याचा कापूस आहे, त्याला.